बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि आपल्या शजऱ्यातली गाळलेली नावे

मलकापूर हे नाव कसे पडले, याची एक जुनी कथा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्राने हे गाव वसवले आणि आपल्या मुलीवरून, म्हणजे ‘मलिके’वरून, त्याला मलकापूर म्हटले. फारुकींची सत्ता 1601 साली अकबराने संपवली. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर इथून फार लांब नाही. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त मलकापूर हे नरनाळा सरकारातल्या एका परगण्याचे ठाणे म्हणून येते. म्हणजे गाव जुने आहे आणि त्याचे नाव एका बाईमुळे पडले, असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत.

पण या कथेत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ‘मलिका’ हे काही त्या मुलीचे नाव नव्हे, ती तिची पदवी आहे. जिच्यावरून गावाचे नाव पडले, तिचे स्वतःचे नाव मात्र कथेने जपले नाही. ती कुणाची मुलगी होती हे सांगितले, ती स्वतः कोण होती हे राहून गेले.

या लेखात एका वेगळ्या बाईविषयी लिहायचे आहे. त्या मलकापूरपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत, घाटावर बुलढाण्याला राहत होत्या. त्यांचे नाव ताराबाई शिंदे. 1882 साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. स्त्री आणि पुरुष यांना एकाच मापाने मोजा, असे आधुनिक भारतात इतक्या रोखठोकपणे सांगणारे बाईच्या हातचे हे पहिले पुस्तक मानले जाते. आपल्या जिल्ह्याची ओळख सांगताना आपण सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव घेतो, लोणारचे सरोवर सांगतो. ताराबाईंचे नाव मात्र जिल्ह्यातल्या कित्येक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. मुसलमान घरांत तर ते क्वचितच पोहोचले आहे. म्हणून त्यांचे घर, त्यांचे आयुष्य आणि त्यांचा प्रश्न यांचा माग इथे काढतो.

घाटावरचे गाव, घाटाखालचे स्टेशन

ताराबाईंचा काळ साधारणपणे 1850 ते 1910 असा दिला जातो. त्या लहान असताना वऱ्हाडात मोठी उलथापालथ झाली. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कागदोपत्री मुलूख निजामाचाच राहिला, पण कारभार इंग्रजांचा सुरू झाला. पुढे अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, मलकापूर, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोहोचली. खामगावच्या कापूस बाजाराचे नाव याच काळात दूरवर गेले.

नव्या राज्याबरोबर नवी कचेरी आली. तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्यात तीनच तालुके होते: चिखली, मेहकर आणि मलकापूर. जिल्ह्याचे ठाणे मात्र घाटावर, थंड हवेच्या बुलढाण्याला. तिथे डेप्युटी कमिशनर बसू लागला आणि त्याच्या हाताखाली कारकुनांचा एक नवा वर्ग उभा राहिला. ही मंडळी मराठी लिहीत, इंग्रजी वाचत, पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे मागवत. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. जवळचे स्टेशन मलकापूरच. मोताळा ओलांडून राजूर घाट चढला की बुलढाणा येते. पुण्याहून निघालेले छापील कागद याच वाटेने वर चढले असावेत.

या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. तेच ताराबाईंचे वडील.

एक घर

बापूजी हे नुसते नोकरदार नव्हते. 1871 साली त्यांनी शिकलेल्या देशी लोकांना उद्देशून एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. शिंद्यांचे घर त्या विचारांशी जोडलेले होते. घर मराठ्याचे, प्रतिष्ठेचे. अशा घरांत बायकांनी उंबऱ्याबाहेर पडू नये असा दंडक होता.

बापूजींना चार मुलगे आणि एक मुलगी. आसपास मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच शिकवले. मराठी तर शिकवलीच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीही. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 साली मुलींसाठी शाळा काढली होती, तिथल्या मुलींना निदान वर्ग तरी होता, सोबतिणी होत्या. मुक्ता साळवे ही त्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. 1855 साली तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला, त्यामागे शाळा होती, शिक्षक होते. बुलढाण्याच्या ताराबाईंच्या मागे यांतले काही नव्हते. बापाचा हात आणि घरात येणारी पुस्तके, वर्तमानपत्रे एवढीच त्यांची शाळा.

त्यांचे लग्न लहानपणीच झाले, त्या काळच्या रीतीप्रमाणे. पण या लग्नात एक गोष्ट वेगळी होती. नवरा घरजावई होता. मुलगी सासरी गेली नाही, जावई शिंद्यांच्या घरी आला. आपल्याकडे खानादामादाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे वाचकांना ठाऊक आहे. त्याला टोमणे ऐकावे लागतात. पण बाईच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. ज्या घरात ती वाढली तेच घर तिचे राहिले. सासूच्या परवानगीवाचून पुस्तक उघडता आले, बापाच्या कागदांना हात लावता आला. पुस्तकावर त्यांचे नाव ‘ताराबाई शिंदे’ असे आले, तेही बापाच्याच आडनावाने.

ताराबाईंना मूलबाळ झाले नाही. त्यांच्या मागे त्यांची गोष्ट सांगायला लेकरू नव्हते. भावांच्या घराण्यात आत्याची आठवण किती पिढ्या टिकते, हे प्रत्येकाने आपल्याच घरात पाहावे.

पुस्तक कशामुळे लिहिले गेले

1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तरुण वयात वैधव्य आलेले, पुन्हा लग्नाला बंदी. तिला मूल झाले आणि लोकलाजेने तिने ते मारले, असा आरोप होता. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. नंतर ती शिक्षा बदलून काळ्या पाण्याची झाली. या खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने त्या निमित्ताने एकूणच बायकांच्या चालचलणुकीवर झोड उठवली. शिकलेल्या, नव्या चालीच्या बायका बिघडत चालल्या आहेत, असा सूर होता.

त्या बाईबरोबर त्या मुलाचा बाप कुठे आहे, हे कोणी विचारत नव्हते. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते विचारले. पुस्तकाचे नावच सांगते की त्यांना दोघांची तुलना करायची आहे. एका बाईचा गुन्हा साऱ्या बायकांच्या माथी मारता, तर मग पुरुषांचे गुन्हे पुरुषजातीच्या माथी का मारत नाही? बायकांवर जे जे दोष ठेवले जातात ते ते त्यांनी एकेक करून हातात घेतले आणि पुरुषाशी ताडून पाहिले. धाडसाने वाईट कृत्य करण्यात पुढे कोण? संशयी कोण? कपटी कोण? दरवेळी तराजूचे दुसरे पारडे त्यांनी रिकामे राहू दिले नाही.

पुस्तक पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापले. प्रती 500, किंमत नऊ आणे. हेच ते 1882 साल, ज्या वर्षी फुल्यांनी हंटर कमिशनपुढे शिक्षणाविषयी निवेदन दिले आणि पंडिता रमाबाई पुण्यात येऊन बायकांना एकत्र करू लागल्या. पण फुले पुण्यात होते, रमाबाई देशभर फिरून आल्या होत्या. ताराबाई स्वतःविषयी प्रस्तावनेत सांगतात की त्या मराठ्याच्या घरात कोंडलेल्या बाई आहेत आणि लिहिण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न आहे. तरी भाषेत कुठे चाचपडणे नाही. ती घरातली, भांडणातली, तोंडावर बोलायची मराठी आहे. म्हणी आहेत, टोमणे आहेत, मधूनच पुराणातले दाखले आहेत.

त्यांनी काय विचारले

पुस्तकातले तीन-चार मुद्दे आजच्या वाचकासाठी वेगळे काढून सांगतो, कारण ते जुने झालेले नाहीत.

पहिला मुद्दा पतिव्रतेचा. नवऱ्याला देव मानावे असे शास्त्र सांगते. ताराबाई म्हणतात, मानू, पण मग नवऱ्याने देवासारखे वागायला नको का? सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणायला यमापर्यंत गेली. बायकोसाठी असा गेलेला एखादा नवरा दाखवा, असे त्या विचारतात. इथे त्या धर्मग्रंथातल्या नामवंत पुरुषांनाही सोडत नाहीत. बुलढाण्यातल्या एका गृहिणीने 1882 साली हे छापावे, याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करावी.

दुसरा मुद्दा विधवेचा. नवरा मेला की तिचे दागिने, केस, कुंकू गेले, मंगलकार्यात उभे राहण्याचा हक्क गेला. बायको मेली की मात्र पुरुष पुन्हा बाशिंग बांधतो, म्हातारा असला तरी कोवळी पोर घरात आणतो. दोघांचे दुःख एकच असेल तर नियम दोन का?

तिसरा मुद्दा सुधारकांचा. सभा भरतात, भाषणे होतात, ठराव होतात आणि घरी काहीच बदलत नाही, अशी त्यांची टीका आहे. स्वतः पगडी टाकून साहेबी टोपी, कोट, बूट चढवणारे, खाण्यापिण्याचे नियम मोडणारे पुरुष बायकांना तेवढे धर्म बुडाल्याचे भय घालतात. आपले सोडले तर ती सुधारणा आणि तिने सोडले तर तो अनाचार.

चौथा मुद्दा सर्वांत धीट. वेश्येला शिव्या देणाऱ्यांना त्या विचारतात की तिला त्या वाटेवर नेले कोणी? तिच्या दारात जातो कोण?

कादंबऱ्या-नाटकांनाही त्यांनी सोडले नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी गाजलेल्या पुस्तकांत बायका कशा रंगवल्या आहेत हे त्यांनी तपासले. लेखक पुरुष, वाचक बहुतेक पुरुष आणि त्यात रंगवलेल्या बाया त्यांच्याच मनातल्या. आज सिनेमा-मालिकांविषयी जी चर्चा होते, तिची ही मराठीतली सुरुवात म्हणता येईल.

बंदी घाटावरून घाटाखाली कशी उतरली

मुसलमान वाचकाला इथे वाटू शकते की विधवेचे केशवपन, पुनर्विवाहाची बंदी हे ब्राह्मण घरांचे दुखणे, आमचा त्याच्याशी काय संबंध? आपल्याकडे विधवेच्या निकाहाला मनाई नाही. हजरत खदीजा (रजि.) या विधवा असताना पैगंबरांशी (स.) त्यांचा निकाह झाला, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

पण ताराबाई स्वतः ब्राह्मण नव्हत्या. मराठा-कुणबी समाजात विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे मोहतूर लावण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकात जी मराठा घरे स्वतःला वरच्या दर्जाची म्हणवू लागली, त्यांनी ती चाल सोडली. पाट लावणे हलकेपणाचे ठरले. ताराबाईंची तक्रार आहे की ब्राह्मणांची ही बंदी आता इतर घरांतही शिरली आहे. धर्माने जे सांगितले नव्हते ते इज्जतीने सांगितले.

हेच उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ म्हणवणाऱ्या मुसलमान घरांत झाले होते. कुराणात परवानगी, पण खानदानात शरम. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रायबरेलीच्या सय्यद अहमद यांना स्वतःच्या विधवा भावजयीशी निकाह करून ही चाल मोडावी लागली आणि त्याचा प्रचार करावा लागला. 1880 च्या दशकात हालींनी ‘मुनाजात-ए-बेवा’ ही विधवेच्या तोंडची नज्म लिहिली. ज्या समाजात विधवेला काही अडचणच नाही, त्या समाजातल्या कवीला अशी नज्म लिहावी लागत नाही.

पुढे 1898 साली लाहोरच्या मौलवी मुमताज अली यांनी ‘हुकूक-ए-निस्वाँ’ लिहून बायकांचे हक्क कुराणाच्या आधाराने मांडले. हस्तलिखित सर सय्यद अहमद खान यांना दाखवले तेव्हा ते संतापले आणि त्यांनी ते टोपलीत टाकले, असे सांगितले जाते. पुस्तक सर सय्यद यांच्या निधनानंतरच बाहेर आले. त्याच वर्षी मुमताज अलींच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या साप्ताहिकाचे संपादन सुरू केले. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांना त्यांच्या थोरल्या भावाने घरात लपून शिकवले, आणि 1905 साली त्यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहून पुरुषांना पडद्यात बसवले. बुलढाण्याचे पुस्तक या साऱ्यांच्या आधीचे आहे.

या चौघींची घरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. ताराबाईंना बाप, मुक्ताला शिक्षक, मुहम्मदी बेगम यांना नवरा, रुकैयांना भाऊ. प्रत्येकीसाठी घरातल्या किंवा बाहेरच्या कुठल्या तरी पुरुषाने दाराची कडी काढली होती. ते श्रेय त्यांना द्यावेच. पण कडी काढणाऱ्याचे नाव लक्षात ठेवून आत काय बोलले गेले ते विसरणे, ही आपली जुनी खोड आहे.

त्र्याण्णव वर्षे

ताराबाईंच्या पुस्तकाचे स्वागत झाले नाही. सत्यशोधक मंडळींतल्याही काहींना ते रुचले नाही. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांनाही बाईचे बोलणे जास्त झाले असे वाटले. तेव्हा फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना सुनावले. स्वतःच्या गटाविरुद्ध उभे राहून बाईची बाजू घेणे, हे फुल्यांचे मोठेपण.

पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. 500 प्रती कुठे गेल्या कोण जाणे. पुण्यातल्या वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना जागा मिळाली नाही. स. गं. मालशे या संशोधकाने हे पुस्तक शोधून 1975 साली पुन्हा छापले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले होते. 1882 ते 1975, मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. पुढे रोझलिंड ओ’हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो 1994 साली प्रसिद्ध झाला. आज जगभरच्या विद्यापीठांत ते वाचले जाते. बुलढाण्यात किती वाचले जाते, याचे उत्तर आपण द्यायचे आहे.

आता ताराबाईंच्या आयुष्याविषयी जे माहीत आहे ते पुन्हा आठवून पाहावे. वडील कोण, त्यांचा हुद्दा कोणता, भाऊ किती, नवरा घरजावई, मूल नाही, फुल्यांनी बाजू घेतली. यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी पुरुषाच्या आधाराने कळते. ताराबाई काय विचार करत होत्या, त्यांना कशाचा राग येत होता, त्या कशा बोलत असतील, हे मात्र एकाच ठिकाणी कळते. ते ठिकाण त्यांनी स्वतः लिहिलेले पुस्तक. एका खटल्याच्या बातमीने पेटून एका बाईने दौत-टाक घेतली नसती, तर ताराबाईही त्या मलिकेसारख्या कुणाची तरी मुलगी एवढ्याच उरल्या असत्या. बहुधा तेवढ्याही नाही.

फातिमा शेख यांच्याविषयी दोन शब्द

हाच विषय आहे म्हणून फातिमा शेख यांच्याविषयी बोलणे भाग आहे. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी माहेरून, नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपण आजारी पडून इकडे आल्यामुळे फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला भाव आहे. एवढा छोटा उल्लेख. त्यावरून पुढे पुष्कळ काही लिहिले गेले. जन्मतारीख आली, जयंत्या सुरू झाल्या, 9 जानेवारी 2022 रोजी गूगलने आपल्या पानावर चित्रही लावले. मग समाजमाध्यमांवर कोणीतरी उठून म्हणाले की अशी बाई झालीच नाही.

या भांडणात आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सावित्रीबाईंनी ज्या सहकारी बाईवर इतका भरवसा ठेवला, तिच्यासाठी त्या पत्रातला उल्लेख पुरेसा आहे. त्याला तारखांचा आणि प्रसंगांचा शृंगार चढवण्याची गरज नाही. प्रेमापोटी जोडलेला खोटा तपशील पुढे विरोधकाच्या हातातले हत्यार होतो. तो एक तपशील खोटा ठरवतो आणि सारी बाईच नाकारतो. इतिहासात जिथे जागा कोरी आहे तिथे ती कोरीच ठेवावी. ती कोरी जागासुद्धा काही सांगते. तिथे एक बाई होती आणि तिच्याविषयी लिहून ठेवणे कुणाला गरजेचे वाटले नाही, हे ती सांगते.

आपला शजरा

दूरच्या बायांविषयी बोलणे सोपे असते, म्हणून आता घरात येऊ.

आपल्यातल्या अनेक घराण्यांत शजरा असतो. कुणाकडे उर्दूत लिहिलेला लांब कागद, कुणाकडे वहीत उतरवलेली यादी. सात-आठ पिढ्या मागे जातात. अमुक वल्द अमुक, वल्द अमुक. त्यात बायकांची नावे बहुधा नसतात. जणू बाप बापाच्या पोटी जन्माला येत गेले.

मग नावे शोधायची कुठे? पहिली जागा म्हणजे काझींचे निकाहाचे दफ्तर. निकाह हा करार आहे, त्यात वधूचे नाव, तिचा वकील, साक्षीदार आणि मेहरची रक्कम लिहावी लागते. पणजीचे नाव आणि तिचा मेहर किती ठरला होता, हे जुन्या काझी घराण्यांच्या रजिस्टरांत सापडू शकते. दुसरी जागा गावचे कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी अलीकडे लोकांनी हे रेकॉर्ड उपसून काढले, त्यामुळे ते कुठे मिळते हे सर्वांना ठाऊक झाले आहे. पण तिथे जन्माच्या नोंदीत कित्येकदा बापाचे नाव आणि पुढे फक्त ‘मुलगी’ एवढेच असते. तिसरी जागा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, ज्या पिढीत मुली शाळेत जाऊ लागल्या तिथून पुढे.

चौथी जागा तलाठ्याकडची आणि दुय्यम निबंधकाकडची. फेरफार, वारस नोंद आणि हक्कसोड पत्र. ताराबाईंच्या काळच्या हिंदू कायद्यात भाऊ असताना मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा नव्हता, आणि त्यांना तर चार भाऊ. आपल्याकडे सूरह निसाने मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, असा नेमून दिलेला आहे. तो कुणाच्या मर्जीवर नाही. तरी रूढीच्या नावाखाली तो इतक्या ठिकाणी बुडवला जात होता की 1937 साली शरियत कायदा करावा लागला, आणि त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. आज काय होते? बाप गेला की वारस म्हणून बहिणींची नावे लागतात आणि काही दिवसांत त्याच बहिणी हक्कसोड पत्रावर अंगठा किंवा सही करतात. भावाचे घर, माहेरचे दार उघडे राहावे, एवढ्यासाठी. ईदीला साडी, सुट्टीत चार दिवस माहेरपण, आणि जमीन भावाची.

म्हणजे कित्येक घरांत आजीचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आणि शेवटचे उमटते ते तिने आपला हक्क सोडला त्या दिवशी. ताराबाईंनी सभेत सुधारणा बोलून घरी तशीच्या तशी वागणारी माणसे पाहिली होती. इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसा दिला, असे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. मग ते हक्कसोड पत्र कोणी लिहून घेतले? ताराबाई आज बुलढाण्यात असत्या तर त्यांनी हेच विचारले असते, आणि मराठा घरांनाही सोडले नसते. 1956 आणि 2005 च्या कायद्यांनी हिंदू मुलींना हक्क दिले, हक्कसोड पत्रे तिकडेही थांबलेली नाहीत.

मलकापुरात, नांदुऱ्यात, मोताळ्यात, बुलढाण्यात राहणाऱ्या वाचकांना दोन कामे सुचवतो. एक, ‘स्त्रीपुरुष तुलना’ मिळवून वाचा. पुस्तक छोटे आहे, मराठी जुनी आहे, पण दोन पानांत कान सरावतो. घरातल्या मुलींना द्या, मुलांना तर जरूर द्या. दुसरे, आपला शजरा काढा आणि प्रत्येक नावाशेजारी तिच्या आईचे, बायकोचे, मुलींचे नाव लिहायला लागा. जे सापडेल ते लिहा, जे सापडणार नाही तिथे जागा मोकळी सोडा, मनाने काही भरू नका. घरातली सर्वांत म्हातारी बाई अजून हयात असेल तर आधी तिच्याजवळ बसा. काझींच्या दफ्तरात नसलेली नावे तिच्या ओठांवर असतात, आणि ते दफ्तर फार दिवस उघडे राहत नाही.

आणि पुढच्या वारस नोंदीच्या वेळी बहिणीपुढे कागद सरकवण्याआधी, नऊ आण्यांचे ते पुस्तक एकदा वाचून घ्या.